‘हिला दूधच नाही’ हे दुसऱ्याच दिवशी कसं ठरतं? आईच्या दुधाचं गणित समजून घ्या

बाळ झालं की फॅमिली ग्रुपवर आधी फोटो येतो. मग वजन येतं. मग नाक कोणावर गेलंय यावर शंभरेक मेसेज पडतात. आणि साधारण एक दिवस उलटला की नवा प्रश्न सुरू होतो, "दूध आलं का?"

माझ्या मामेबहिणीच्या वेळी मी हॉस्पिटलमध्येच होते. सिझेरियन झालेलं, दुसरा दिवस. बाळ रडत होतं, ती टाके सांभाळत कुशीवर वळायचा प्रयत्न करत होती आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईचं निदान ठरलेलं होतं, "हिला दूधच नाही." संध्याकाळपर्यंत कुणीतरी खालच्या मेडिकलमधून पावडरचा डबा आणला सुद्धा. डॉक्टरांना विचारलं नाही, तिला तर नाहीच नाही. रात्री सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, "माझ्यातच काहीतरी कमी आहे का गं?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर वाचत गेले, तेव्हा कळलं की दुसऱ्या दिवशी भरभरून दूध नसणं हा बिघाड नाहीच. ते शरीराचं ठरलेलं वेळापत्रक आहे. आणि ते घरात कुणालाच माहीत नसल्यामुळे कितीतरी बायका बाळंतपणाच्या पहिल्याच आठवड्यात स्वतःला नापास करून बसतात.

वार पडते आणि बटण दाबलं जातं

दूध बनवायची तयारी बाळ जन्मल्यावर सुरू होत नाही. गरोदरपणाच्या साधारण मध्यापासूनच ती चालू असते. स्तनाच्या आत द्राक्षांच्या घडासारखी रचना असते. घडातला प्रत्येक मणी म्हणजे दूध बनवणाऱ्या पेशींची एक छोटीशी पिशवी आणि देठ म्हणजे दूध बाहेर नेणाऱ्या नळ्या. गरोदरपणात हे घड वाढतात, भरतात. काही जणींना सातव्या-आठव्या महिन्यातच ब्लाऊजवर पिवळसर डाग दिसतात, ते यामुळेच.

मग तेव्हाच दूध का वाहत नाही? कारण ब्रेक लावलेला असतो. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यातून येणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन दूध बनवायचा आदेश देतं. गरोदरपणात ते भरपूर असतं. पण त्याच वेळी वारेतून प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन येत असतं आणि ते या आदेशाची अंमलबजावणी रोखून धरतं. बाळ जन्मतं, पाठोपाठ वार पडते, प्रोजेस्टेरॉन झपाट्याने खाली येतं आणि ब्रेक सुटतो.

ब्रेक सुटला तरी गाडी लगेच वेग घेत नाही. भरपूर दूध उतरायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. पहिलटकरीण असेल, सिझेरियन झालं असेल किंवा मधुमेह असेल, तर आणखी थोडा उशीर होऊ शकतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी खोलीत जमलेली मंडळी ज्या दुधाची वाट बघत होती, त्याची वेळच झालेली नव्हती.

यातून एक गंमतीची गोष्ट लक्षात येते. वारेचा एखादा तुकडा गर्भाशयात राहून गेला, तर काही वेळा दूध उतरतच नाही. कारण ब्रेक पूर्ण सुटलेलाच नसतो. म्हणून तीन-चार दिवसांनंतरही काहीच फरक नसेल, तर लाडवांची संख्या वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगणं जास्त उपयोगाचं.

खरवस चालतो, चीक चालत नाही?

पहिल्या दोन-तीन दिवसांत स्तनातून काहीच येत नाही, असं नसतं. थोडंसं, घट्ट, पिवळसर दूध येतं. त्याला चीक म्हणतात, डॉक्टर कोलोस्ट्रम म्हणतात. पहिल्या दिवशी एका वेळेला येणारा चीक अक्षरशः चमचाभर असतो. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याने काय होणार?

पण नवजात बाळाच्या पोटात तरी कितीसं मावतं? जन्मावेळी ते साधारण २० मिलिलिटर. म्हणजे दोन मोठे चमचेही नाहीत. चमचाभर चीक त्या पोटाला पुरतो. आणि चिकात प्रथिनं आणि प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडीज ठासून भरलेल्या असतात. त्यातलं आयजीए नावाचं प्रतिपिंड बाळाच्या घशापासून आतड्यापर्यंत अस्तर लावल्यासारखं बसतं आणि जंतूंना आत शिरू देत नाही. चिकामुळे पोट साफ होऊन बाळाची पहिली काळी-हिरवी शी बाहेर पडायलाही मदत होते.

आता आपल्याकडची विसंगती बघा. गाय-म्हैस व्यायली की तिच्या चिकाचा खरवस करून आपण जायफळ-वेलची घालून चवीने खातो, शेजारी वाटतो. आणि माणसाच्या आईचा चीक मात्र ‘जड’, ‘नासका’ म्हणून पिळून टाकायची पद्धत कितीतरी घरांत होती, काही ठिकाणी अजून आहे. त्याऐवजी बाळाला मध चाटवायचा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, असं डॉक्टर स्पष्ट सांगतात, कारण मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

जन्मल्यावर पहिल्या तासाभरात बाळाला छातीशी घ्यावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सिझेरियन असलं तरी, आई-बाळ ठीक असतील तर हेच लागू. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणात हॉस्पिटलमध्ये होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण ८८.६ टक्के निघालं. आणि पहिल्या तासात आईचं दूध मिळालेल्या बाळांचं प्रमाण? ४१.८ टक्के. म्हणजे बहुतेक बाळं डॉक्टर-नर्सच्या हाताखाली जन्मतात, तरी निम्म्याहून जास्त बाळांचा तो पहिला तास हुकतो. त्यामुळे याचं सगळं खापर आजीच्या समजुतींवर फोडता येणार नाही.

माठ नाही, विहीर

आपल्या डोक्यात दुधाची कल्पना माठासारखी असते. माठ भरू द्यायचा, मग बाळाला द्यायचं. लगेच परत पाजलं तर माठ रिकामा. म्हणून "आत्ताच तर पाजलंस, जरा भरू दे" हा सल्ला मिळतो.

प्रत्यक्षात हे प्रकरण विहिरीसारखं आहे. उपसा झाला की झरे मोकळे होतात, उपसा थांबला की पाणी आहे तिथेच राहतं. बाळ ओढतं, तेव्हा स्तनाग्राच्या मज्जातंतूंमधून मेंदूला निरोप जातो आणि प्रोलॅक्टिन वाढतं. रात्री हे प्रोलॅक्टिन दिवसापेक्षा जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं बंद करून ‘आईला आराम’ देण्याचा बेत सुरुवातीच्या आठवड्यांत दुधावर उलटू शकतो. (आराम द्यायचाच असेल तर लंगोट बदला, बाळाला ढेकर काढायला घ्या, कपडे धुवा. तिथे कुणाला हार्मोन लागत नाहीत.)

पहिल्या काही दिवसांनंतर तर सूत्रं बऱ्याच अंशी स्तनाच्याच हातात जातात. स्तन भरलेला राहिला की आतल्या पेशींना ‘माल पडून आहे, काम कमी करा’ असा संदेश मिळतो. रिकामा झाला की काम वाढतं. हा हिशोब प्रत्येक स्तनाचा वेगळा असतो. बाळाने एकाच बाजूने पिण्याचा हट्ट धरला, तर त्या बाजूचं दूध चालू राहून दुसरीकडचं आटू शकतं. जुळी झालेल्या अनेक आया दोघांना पुरेल इतकं दूध देतात, तेही यामुळेच. मागणी दुप्पट, उत्पादनही वाढतं.

स्तनाच्या आकाराचा याच्याशी संबंध किती? जवळजवळ नाही. आकार मुख्यतः चरबीमुळे ठरतो, दूध बनतं ते ग्रंथींमध्ये. लहान स्तनांत एका वेळी साठा कमी मावू शकतो, मग बाळ जास्त वेळा पितं, दिवसाची बेरीज साधारण तीच.

पाचव्या दिवसाच्या आसपास दिवसाला अर्धा लिटरपर्यंत मजल जाते. पहिल्या महिन्यानंतर फक्त आईच्या दुधावर असलेलं बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर दूध पितं. यासाठी आईचं शरीर किती राबतं याचा अंदाज हवा असेल, तर आयसीएमआरच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने तिला रोज ६०० कॅलरी जादा लागतात. गरोदरपणात लागतात त्याहून जास्त. ‘दोन जिवांची’ म्हणून नऊ महिने ताट वाढणारं घर बाळंतपणानंतर मात्र पथ्याच्या नावाखाली तिचं जेवण निम्म्यावर आणतं, तेव्हा हा आकडा आठवावा.

पान्हा कसा फुटतो?

दूध बनणं ही एक गोष्ट आणि ते बाहेर येणं ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीला मराठीत फार नेमका शब्द आहे, पान्हा. बाळ रडलं, नुसती त्याची आठवण आली, झबल्याचा वास आला, तरी पान्हा फुटतो. हे काव्य नाही, यामागे ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन आहे. घडातल्या प्रत्येक मण्याभोवती बारीक स्नायूपेशींची जाळी असते. ऑक्सिटोसिन आलं की ही जाळी आवळली जाते आणि दूध नळ्यांमध्ये ढकललं जातं. काहींना मुंग्या आल्यासारखं वाटतं, काहींना काहीच जाणवत नाही. दोन्ही ठीक.

हिरकणीची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतोय. रायगडावर दूध विकायला गेलेली, संध्याकाळी दरवाजे बंद झाले आणि खाली घरी तान्हं बाळ. ती अंधारात कडा उतरून गेली. गोष्टीतला इतिहास किती आणि दंतकथा किती हा वेगळा विषय, पण तिची अस्वस्थता शरीरशास्त्राला धरून आहे. तान्ह्या बाळापासून लांब राहिलेल्या आईचे स्तन काही तासांत दगडासारखे होतात, दुखतात आणि दुसऱ्याच कुणाचं बाळ रडलं तरी ओले होतात.

पण ऑक्सिटोसिनचा एक स्वभाव आहे. ते लाजाळू आहे. वेदना, भीती, अपमान, ताण असला की ते मागे सरतं. १९४८ मध्ये अमेरिकेत नाइल्स न्यूटन आणि मायकेल न्यूटन या जोडप्याने यावर एक प्रयोग केला. पाजणाऱ्या आईचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, पायाचा अंगठा ओढला, भराभर गणितं विचारली. बाळाला मिळणारं दूध बरंच घटलं. मग तसाच त्रास चालू असताना ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर दूध जवळपास पूर्ववत झालं. म्हणजे दूध आत होतंच, ते सुटत नव्हतं.

आता तो प्रयोग विसरा आणि आपल्या बाळंतिणीची खोली डोळ्यांपुढे आणा. ताजे टाके, तीन रात्रींची झोप नाही, पलंगाभोवती सहा माणसं आणि त्यातली एक म्हणतेय, "आमच्या वेळी बाई धारा लागायच्या." पायाखाली बर्फाची गरजच काय?

‘पुरत नाही’ हे कशावरून ठरवायचं?

बाळ रडतं म्हणून? बाळ भुकेने रडतं तसं गरम होतंय, ओलं झालंय, नुसतं कुशीत घ्या, यासाठीही रडतं. संध्याकाळी तीन-चार तास सलग दर वीस मिनिटांनी छातीला लागणं हे पहिल्या काही आठवड्यांत अगदी नेहमीचं आहे. स्तन मऊ पडले म्हणून? महिना-दीड महिन्यात शरीराला बाळाचा अंदाज येतो आणि मग स्तन आधीसारखे गच्च भरत नाहीत. दूध आटल्याचं ते लक्षण नाही. पंपाने काढलं तर थोडंच आलं म्हणून? पंप म्हणजे बाळ नव्हे. बाळ नीट लागलं असेल तर ते पंपापेक्षा बरंच जास्त ओढतं.

खरा हिशोब लंगोटात आणि वजनकाट्यावर असतो. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा भरपूर, फिकट रंगाची शू करत असेल, शीचा रंग काळ्यावरून पिवळ्यावर आला असेल, पिताना गिळल्याचा आवाज येत असेल, तर दूध पोहोचतंय. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं. सात टक्क्यांपर्यंत साधारणपणे काळजीचं नसतं, दहा टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टरांनी बघायलाच हवं. जन्मावेळचं वजन दोन आठवड्यांच्या आत बहुतेक बाळं परत मिळवतात.

तरी अडचण वाटत असेल, तर पहिला संशय बाळ कसं लागतंय यावर घ्यावा. फक्त स्तनाग्र तोंडात असेल तर आईला चिरा पडतात आणि बाळाला दूध मिळत नाही. भोवतीचा काळसर भागही बराचसा तोंडात हवा, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. माझ्या बहिणीच्या बाबतीत नेमकं हेच निघालं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला आलेल्या एका नर्सने उशी सरकवली, बाळाचं पोट तिच्या पोटाला लावलं, मान जरा मागे घेतली. पाच मिनिटांचं काम. तोपर्यंत त्या खोलीत उपदेश भरपूर झाला होता, पण हात लावून कुणीच दाखवलं नव्हतं.

पावडरच्या डब्याची अडचणही इथेच समजते. वरचं दूध दिलं की बाळ लांब झोपतं, घर खूश होतं. पण तेवढा वेळ स्तन भरलेला राहतो, ‘काम कमी करा’ असा संदेश जातो, पुढच्या वेळी दूध खरंच कमी येतं आणि डबा आणखी लागतो. आठवड्याभरात मूळ भाकीत खरं झालेलं असतं. या डब्यांच्या जाहिराती टीव्हीवर का दिसत नाहीत, असा प्रश्न पडला असेल तर उत्तर १९९२ च्या कायद्यात आहे. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या अन्नाची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात भारतात करता येत नाही.

पण डबा म्हणजे विष नाही, हेही तितकंच खरं. काही जणींना खरोखरच दूध कमी असतं. थायरॉईडचा त्रास, स्तनावरची शस्त्रक्रिया, ग्रंथींची वाढच कमी झालेली असणं, ही कारणं असतात. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला तर पिट्युटरीला इजा होऊन दूध येतच नाही, याला शीहान सिंड्रोम म्हणतात. बाळाची साखर उतरली, वजन फारच घटलं, ते पिवळं पडून सुस्त झालं, तर डॉक्टर सांगतील ते वरचं दूध द्यायलाच हवं. तिथे हट्ट केला तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. निर्णय डॉक्टर आणि आईने मिळून घ्यावा, भेटायला आलेल्या काकूंनी नाही, एवढंच म्हणणं आहे.

लाडू, अळीव आणि काकडीची बंदी

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, शतावरी, खसखस यांनी दूध वाढतं का? मेथी-शतावरीवर थोडे अभ्यास झालेत, त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. पण सहाशे जादा कॅलरी लागणाऱ्या बाईसाठी तूप-डिंक-सुकामेव्याचा लाडू वाईट कसा असेल? खाऊ द्या. फक्त लाडू खाऊन पाजणं कमी केलं, तर उपयोग होणार नाही.

दही, काकडी, केळं खाल्लं की बाळाला सर्दी होते, हे मात्र सोडून द्या. दूध रक्तातल्या घटकांपासून बनतं, पदार्थाचा थंडपणा त्यात उतरत नाही. वास-चव थोडी उतरते. १९९१ च्या एका अमेरिकन प्रयोगात आयांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या, दोनेक तासांनी दुधाला लसणाचा वास आला आणि बाळं उलट जास्त वेळ पीत राहिली. आपल्या घरातल्या फोडणीची ओळख बहुधा तिथूनच होत असावी.

आईची बेताची आबाळ झाली तरी दुधातली साखर आणि प्रथिनं फारशी हलत नाहीत, शरीर आईच्या साठ्यातून काढून बाळाला देतं. बी-१२ सारख्या काही जीवनसत्त्वांचं तसं नाही. आईला कमी असेल तर दुधातही कमी पडतं. पूर्ण शाकाहारी घरांत हे तपासून घेतलेलं बरं. ‘ड’ जीवनसत्त्व आईच्या दुधात कमीच असतं, म्हणून बाळाला त्याचे थेंब देतात. आणि उन्हाळ्यात वरचं पाणी? दुधात साधारण ८७ टक्के पाणीच असतं. सहा महिने वेगळं लागत नाही.

कामावर परतताना

२०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूतीरजा २६ आठवडे झाली, पण ती नोंदणीकृत नोकरी असलेल्यांना. ऊसतोडीला, घरकामाला जाणाऱ्या बाईला कसली रजा? एसटी स्टँडवर ‘हिरकणी कक्ष’ असतात, ती कल्पना मला मनापासून आवडते. मी एका स्टँडवर विचारलं, तर कक्षाला कुलूप होतं आणि चावी कोणाकडे आहे हे तिघांना विचारूनही कळलं नाही.

ज्यांना शक्य आहे त्यांनी दूध काढून ठेवता येतं. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकतं, फ्रीजच्या मुख्य भागात चार दिवस. आपल्याकडच्या मे महिन्यात खोलीचा हिशोब विसरा, सरळ फ्रीज. गरम करायचं तर भांडं कोमट पाण्यात ठेवून, मायक्रोवेव्हमध्ये नाही.

आणि जास्तीचं दूध असेल तर ते दानही करता येतं. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मदर्स मिल्क बँक सुरू केली, ती आशियातली पहिली मानली जाते. अशा बँकेत दान करणाऱ्या आईच्या तपासण्या होतात, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात, गोठवून ठेवतात आणि ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना स्वतःच्या आईचं दूध मिळू शकत नाही, त्यांना मिलिलिटर मोजून देतात. इतक्या लहान बाळांच्या आतड्यांना होणाऱ्या एका जीवघेण्या आजाराचा धोका डब्याच्या दुधापेक्षा मानवी दुधावर कमी असतो.

माझी बहीण चौथ्या महिन्यात पंपावर दूध काढायला लागली. फ्रीजमध्ये तारखा लिहिलेल्या छोट्या बाटल्यांची रांग लागली होती. पावडरचा तो डबा मात्र पुढे कुणी उघडला नाही, तो अजून मामीच्या माळ्यावर आहे.